दर नऊ पावलांवर

पहाटे पाचला बादली कमरेला बांधायची
आणि नऊ पावलं मोजून एक गोळी टाकायची.
गोळी म्हणजे बोटाच्या पेराएवढा लालसर तुकडा,
वास शेंगदाण्याच्या लोण्याचा.
पहिल्याच आठवड्यात ॲर्डेलने एक चाटून पाहिली
तेव्हा डॉक्टर ओल्सेथ जी ओरडली
ती शायान नदीच्या पलीकडे ऐकू गेली असेल.

नावात कुत्रा, जातीने खार.
प्रेअरी डॉग. ॲर्डेलच्या लोकांत पिस्पिझा.
बिळाच्या तोंडाशी उभी राहते, हात छातीशी घेऊन,
उसने पैसे मागायला आलेल्या माणसासारखी,
आणि आपण जवळ गेलो की शिव्या देत आत.
पाठ फिरली की बाहेर येते.
खाते.

तिच्यावर जगतं काळ्या पायांचं फेरेट,
रात्री टॉर्चमध्ये हिरवे डोळे, दोन, मग नाहीतच.
फेरेट थोडी आहेत, एकेक धरून सुई टोचता येते.
खारी हजारो. त्यांना कोण टोचणार?
म्हणून ही गोळी.

कुंपणापलीकडून वेंडेल बघत असायचा,
ट्रक चालूच, कोपर खिडकीबाहेर.
"विष मला काउंटी स्वस्तात देते,
लस तुम्हाला सरकार फुकट.
एकदा दोघांनी बसून ठरवा म्हणावं."
आम्ही हसायचो.
उत्तर आमच्याकडेही नव्हतं.

माळ दोन. पूर्वेचा ॲर्डेलचा, पश्चिमेचा माझा.
एका बादलीत लस, एकीत नुसती चव.
कुठलीत काय, ते एका लिफाफ्यात,
लिफाफा आठशे मैलांवर कुणाच्या तरी तिजोरीत.

सप्टेंबरात पिंजरे लावायचे.
एकेक मिशी उपटून काचपट्टीवर, दिव्याखाली.
गोळीतला रंग मिशीत चढतो,
जिने खाल्लं तिच्या मिशीत गुलाबी कडं पेटतं.
अख्खा दिवस आम्ही तेवढंच म्हणायचो:
खाल्लं. खाल्लं. नाही. खाल्लं.

तीन वर्षं काही झालं नाही.
दोन्ही माळांचे आकडे सारखे,
आणि सारख्या आकड्यांतून काही सिद्ध होत नाही.
चौथ्या वसंतात डॉक्टर ओल्सेथ खिडकीशी उभी राहून
म्हणाली, "आता यायला हवं."
काय, ते बोलली नाही.
मग कप धुवायला गेली.
कप धुतलेलाच होता.

जूनच्या अखेरीस आलं.
पश्चिमेच्या माळावर सकाळी पोचले
तर कुणी शिव्या दिल्या नाहीत.

बिळांच्या तोंडावर कोळ्यांची जाळी, अखंड,
दवाने भरलेली. वर माश्या.
हातमोजे चढवले, पायघोळ पोशाख, गमबूट.
लवचिक सळीला पांढरं फडकं बांधून
बिळात खोल सारलं, बाहेर काढलं:
फडक्यावर काळे ठिपके, उड्या मारणारे,
उपाशी.
पिशवीत घातलं. तोंड बांधलं. तारीख लिहिली.
पुढचं बीळ.

पूर्वेलाही मेल्या काही.
पण दुपारी ॲर्डेलचा रेडिओवर आवाज आला,
"पाच उभ्या आहेत. सात. थांब, मागे आणखी,"
आणि तिच्या आवाजामागे ते भुंकणं,
तीच भांडकुदळ वस्ती.
लिफाफा उघडायची गरज उरली नाही.

म्हणजे चार उन्हाळे
मी नऊ-नऊ पावलांवर
काहीच टाकत गेले नव्हते.
त्या येत होत्या, खात होत्या.
मिशीत गुलाबी कडं त्यांच्याही होतं.
मी स्वतः पाहिलंय, दिव्याखाली,
स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: खाल्लं.

"कुणाला तरी ती बादली उचलावी लागणारच होती,"
डॉक्टर ओल्सेथ म्हणाली. खरंच आहे.
ॲर्डेल काही बोलली नाही,
माझा थर्मास भरून आणला फक्त.
वेंडेल आला. टोपी काढली नाही,
पण ट्रकचं इंजिन बंद केलं,
आणि बराच वेळ त्या शांततेकडे बघत बसला,
जी त्याला विषाने कधी जमली नव्हती.

पुढच्या वर्षी दोन्ही बादल्यांत लस.
पश्चिमेला खायला कुणी नाही, तरी मी जाते,
नकाशावर तो माळ अजून आहे.
नववं पाऊल पडतं
आणि हात आपोआप बादलीत जातो.